ड्रायव्हर असिंक करून संगणक लवकर सुरू करणे: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो की नवी पेठेतले कापडाचे दुकान, बिलिंगचा संगणक दिवसातून एकदाच सुरू होईल असे धरून चालता येत नाही. वीज जाते, यूपीएसची बॅटरी उतरते, संगणक बंद पडतो आणि माल घ्यायला आलेला टेम्पो दारात उभा असताना तो पुन्हा सुरू होण्याची वाट पाहावी लागते. अशा वेळी कोणीतरी सुचवते की लिनक्सचे ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे प्रोग्राम) असिंक करून टाका, म्हणजे एकमेकांसाठी न थांबता सुरू होऊ द्या. मग कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सुरू होताना दिल्या जाणाऱ्या पर्यायांच्या ओळीत सगळ्या ड्रायव्हरांची यादी किंवा नुसते तारांकन (*) टाकले जाते. एक-दोन दिवस सगळे सुरळीत चालते आणि नंतर एखाद्या सकाळी बॅकअपची डिस्क सापडत नाही किंवा वजनकाट्याचे आकडे बिलात येईनासे होतात. यातले बहुतेक घोटाळे पायऱ्यांचा क्रम उलटा केल्याने होतात, म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

हा लेख डेबियन, उबुंटू किंवा लिनक्स मिंट चालवणाऱ्या आणि ग्रब (बूट मेनू दाखवून कर्नल सुरू करणारा प्रोग्राम) व सिस्टिमडी (कर्नलनंतर बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या यंत्रांसाठी आहे. आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती मूळ रोमन स्पेलिंगमध्ये, अंडरस्कोर आणि लहान-मोठी अक्षरे सांभाळून टाइप करावीत.

## असिंक केल्याने नेमके काय बदलते

कर्नल सुरू होताना प्रत्येक ड्रायव्हर आपले उपकरण शोधतो, त्याला जागे करतो आणि ते उत्तर देईपर्यंत थांबतो. या कामाला प्रोब म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत कर्नलमध्येच बांधलेल्या ड्रायव्हरांचे प्रोब एकामागून एक होतात. टेम्पो भरताना एका गठ्ठ्याचे बिल सापडत नाही म्हणून बाकीचे सगळे गठ्ठे खाली ठेवून बसावे, तसा हा प्रकार असतो. असिंक केलेल्या ड्रायव्हरचा प्रोब वेगळ्या धाग्यावर (थ्रेडवर) सोपवला जातो आणि कर्नल पुढच्या कामाला लागतो.

येथे दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की प्रोबला लागणारा वेळ कमी होत नाही, तो फक्त दुसऱ्या कामांच्या वेळेतच सामावतो. दुसरी अशी की पहिली यूजरस्पेस (कर्नलबाहेरची) प्रक्रिया सुरू करण्याआधी कर्नल तोवर चालू असलेले असिंक प्रोब संपण्याची वाट पाहतो. त्यामुळे एखाद्या ड्रायव्हरला दोन सेकंद लागत असतील आणि त्याच्याबरोबर चालण्याजोगे दुसरे काम अर्ध्या सेकंदाचेच असेल, तर बचतही फार तर अर्ध्या सेकंदाचीच होईल.

## टप्पा १: तयारी

१. बिलिंगचा डेटा यंत्राबाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावा आणि ती डिस्क काम संपेपर्यंत यंत्राला जोडू नये.

२. चालू असलेल्या आवृत्तीचा लाइव्ह यूएसबी तयार करून त्यावरून यंत्र खरोखर सुरू होते का, हे एकदा पाहावे. पेन ड्राइव्ह तयार असणे आणि त्यावरून बूट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायोसमध्ये यूएसबी बूट बंद असल्याचे ऐनवेळी कळले तर मोठीच पंचाईत होते.

३. ग्रबचा मेनू दिसतो याची खात्री करावी. ईटीसी फोल्डरमधील डिफॉल्ट/ग्रब या फाइलीत ग्रब_टाइमआउट_स्टाइल ची किंमत मेनू आणि ग्रब_टाइमआउट ची किंमत ५ ठेवून अपडेट-ग्रब ही आज्ञा सुडोसह (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवावी. काम पूर्ण झाल्यावर ही पाच सेकंदे पुन्हा कमी करता येतात.

४. यूनेम -आर या आज्ञेने कर्नलची आवृत्ती लिहून ठेवावी आणि आधीचा एक चालू कर्नल काढून टाकू नये.

५. यंत्र सुस्थितीत असतानाच एलएसपीसीआय -के, एलएसबीएलके -एफ, आयपी लिंक आणि एप्ले -एल या चार आज्ञांचे आउटपुट एका मजकूर फाइलीत साठवावे. शेवटच्या टप्प्यात तुलनेसाठी ही फाइल लागेल.

इशारा: हे काम गिऱ्हाइकीच्या वेळी करू नये. गड्ड्याच्या यात्रेच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत बिलिंगच्या यंत्राला हात न लावलेलाच बरा.

## टप्पा २: वेळ नेमका कुठे जातो, ते मोजणे

सिस्टिमडी-अॅनलाइझ ही आज्ञा चालवल्यावर फर्मवेअर, लोडर, कर्नल आणि यूजरस्पेस यांचा वेळ वेगवेगळा दिसतो. फर्मवेअर आणि लोडरचे आकडे यूईएफआय यंत्रांवरच येतात आणि काही यंत्रांवर इनिटआरडीचा (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या तात्पुरत्या फाइलसंचाचा) आकडाही वेगळा दाखवला जातो. यांपैकी कर्नलचा आकडा प्रथम पाहावा. समजा, कर्नलला तीन सेकंद आणि यूजरस्पेसला पंचेचाळीस सेकंद लागत आहेत. मग ड्रायव्हर असिंक करण्यात काहीही हशील नाही. तेथे सिस्टिमडी-अॅनलाइझ क्रिटिकल-चेन चालवून कोणती सेवा कोणासाठी अडून बसली आहे, ते शोधावे. नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन ही सेवा अशा ठिकाणी वारंवार सापडते. ब्लेम या पर्यायातील यादी पाहून निष्कर्ष काढू नये, कारण त्यातल्या सेवा एकाच वेळी चालू असतात आणि त्यांच्या वेळांची बेरीज काही सांगत नाही.

यंत्रात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी एसएसडी बसवावी. दोन्हींतला फरक इतका मोठा असतो की ड्रायव्हरांच्या बारीक हिशेबाला त्यानंतरच अर्थ येतो.

मोजणी करताना यंत्र पूर्ण बंद करून, मिनिटभर थांबून मग सुरू करावे. नुसत्या रीस्टार्टमध्ये काही उपकरणांचा वीजपुरवठा तुटत नाही आणि ती लवकर उत्तर देतात. आपल्याकडचे खरे बूट वीज गेल्यानंतरचे, म्हणजे थंड यंत्राचे असते, म्हणून मोजायचेही तेच. किमान तीन वेळा मोजून मधला आकडा धरावा.

## टप्पा ३: हळू ड्रायव्हर शोधणे

१. ग्रबच्या मेनूत हवी ती नोंद निवडून ई ही कळ दाबावी. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून इनिटकॉल_डीबग आणि लॉग_बफ_लेन=१६एम हे दोन पर्याय लिहावेत आणि कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबून यंत्र सुरू करावे. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो.

२. यंत्र सुरू झाल्यावर सुडोसह डीमेसेग चालवून आउटपुट फाइलीत साठवावे आणि त्यात ‘युसेक्स’ या शब्दाने संपणाऱ्या ओळी शोधाव्यात.

३. या ओळी दोन प्रकारच्या असतात. ‘इनिटकॉल’ने सुरू होणाऱ्या ओळीत ड्रायव्हरच्या नोंदणीला लागलेला सगळा वेळ असतो. दुसऱ्या प्रकारची ओळ साधारण अशी दिसते: ‘प्रोब ऑफ ००००:०२:००.० रिटर्न्ड ० आफ्टर १८४२३१७ युसेक्स’. हा आकडा मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे दहा लाखांना एक सेकंद. वरच्या ओळीतील उपकरणाने सुमारे १.८४ सेकंद घेतले. मिलिसेकंद समजून याचा अर्धा तास मोजणारे लोकही भेटतात.

४. एक लाखाच्या वरचे आकडे तेवढे कागदावर उतरवावेत. बाकीच्यांच्या मागे लागू नये.

इशारा: लॉग_बफ_लेन न दिल्यास लॉगचा सुरुवातीचा भाग पुसला जाऊ शकतो आणि सर्वांत हळू ड्रायव्हर नेमका त्यातच असू शकतो. शिवाय इनिटकॉल_डीबग मुळे बूट स्वतःच मंदावते, म्हणून या बूटचा एकूण वेळ टप्पा २ मधल्या आकड्यांशी ताडून पाहू नये.

येथे थोडे थांबून विचार करावा. आकडा मोठा आहे म्हणून ड्रायव्हर असिंक करायलाच हवा, असे नाही. मागांच्या शेडशेजारी ठेवलेल्या संगणकात सुताचा तूस साचतो, उन्हाळ्यात आतले तापमान चढते आणि साटा केबलचे टोक सैल पडते. लॉगमध्ये ‘लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड’ किंवा ‘कॉमरीसेट फेल्ड’ असे शब्द दिसले, तर तो केबलचा, पोर्टचा किंवा मरायला टेकलेल्या डिस्कचा पुरावा समजावा. असा प्रोब असिंक केल्याने बूट लवकर दिसेल, पण डिस्क जाण्याची पूर्वसूचनाही झाकली जाईल. आधी झाकण उघडून तूस काढावा, केबल बदलावी आणि पुन्हा मोजावे. तसेच न वापरलेली उपकरणेही पाहावीत. यंत्रात फ्लॉपी नसताना बायोसमध्ये फ्लॉपी चालू ठेवलेली असणे हे जुन्या बोर्डांवर आजही आढळते. नको असलेले उपकरण बायोसमधून बंद करणे हे त्याचा ड्रायव्हर असिंक करण्यापेक्षा केव्हाही चांगले.

## टप्पा ४: ड्रायव्हरचे खरे नाव आणि त्याचे ठिकाण

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात. ड्रायव्हरचे नाव आणि मॉड्यूलचे (गरजेप्रमाणे कर्नलमध्ये लोड होणाऱ्या फाइलीचे) नाव एकच असेल असे नाही. एलएसपीसीआय -के च्या आउटपुटमध्ये प्रत्येक उपकरणाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ आणि ‘कर्नल मॉड्यूल्स’ अशा दोन ओळी येतात. यूएसबी ३ च्या कंट्रोलरखाली पाहिल्यास पहिल्या ओळीत एक्सएचसीआय_एचसीडी आणि दुसरीत एक्सएचसीआय_पीसीआय दिसते. कर्नलच्या ओळीतील ड्रायव्हर_असिंक_प्रोब या पर्यायाला पहिल्या ओळीतले, म्हणजे ड्रायव्हरचे नाव लागते. मॉडप्रोबच्या (मॉड्यूल लोड करणाऱ्या आज्ञेच्या) फाइलीतील असिंक_प्रोब या पर्यायाला मात्र मॉड्यूलचे नाव लागते. नावांची अदलाबदल झाली तर कर्नल तक्रार करत नाही. काहीच बदलत नाही आणि मग ‘असिंकचा काही उपयोग नाही’ असा समज करून घेतला जातो.

पुढचा प्रश्न ठिकाणाचा. लिब/मॉड्यूल्स फोल्डरमध्ये चालू कर्नलच्या आवृत्तीच्या नावाचा जो फोल्डर असतो, त्यातल्या मॉड्यूल्स.बिल्टइन या फाइलीत मॉड्यूलचे नाव सापडले तर तो ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला आहे. अशा ड्रायव्हरसाठी कर्नलच्या ओळीतला पर्याय वापरावा. तेथे नाव नसेल आणि एलएसमॉड च्या यादीत असेल, तर तो मॉड्यूल आहे.

मॉड्यूलच्या बाबतीत अपेक्षा बेताची ठेवावी. यूडेव्ह (उपकरणे ओळखून त्यांना नावे देणारी सेवा) आधीच अनेक वर्करमार्फत मॉड्यूल समांतर लोड करत असते. त्यामुळे एक मॉड्यूल अडले तरी सहसा सगळे बूट अडत नाही. खरा फायदा बांधीव ड्रायव्हरांना आणि ईटीसी फोल्डरमधील मॉड्यूल्स-लोड.डी च्या यादीतून मुद्दाम लोड होणाऱ्या मॉड्यूलांना मिळतो. यूएसबीला जोडलेला लेबल प्रिंटर किंवा बारकोड स्कॅनर यांचे ड्रायव्हर यादीत घालण्याचे कारण नाही, कारण यूएसबी हब आपली उपकरणे स्वतंत्र रांगेतूनच ओळखतो.

तपासणी: पुढे जाण्याआधी कागदावर प्रत्येक हळू ड्रायव्हरसमोर चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: ड्रायव्हरचे नाव, मॉड्यूलचे नाव, बांधीव की मॉड्यूल, आणि लागलेला वेळ.

## टप्पा ५: उपकरणांची नावे आधी पक्की करणे

हा टप्पा वगळून पुढे जाणाऱ्यांचेच फोन नंतर येतात. प्रोब एकामागून एक होत असताना उपकरणांना क्रमाने मिळणारी नावे बहुधा दर वेळी तीच राहतात. असिंक झाल्यावर जो आधी उत्तर देईल त्याला क्रमातले पहिले नाव मिळते आणि थंड सकाळी व तापलेल्या दुपारी हा क्रम वेगळा असू शकतो.

डिस्क. समजा, एका यंत्रात दोन डिस्क आहेत. एसडीए वर प्रणाली आणि एसडीबी वर रोजचा बॅकअप. एफस्टॅब (बूटच्या वेळी जोडायच्या विभाजनांची यादी असलेल्या) फाइलीत डेव्ह/एसडीबी१ असे लिहिले असेल आणि डिस्कांचा क्रम उलटला, तर बॅकअपचे माउंट फसेल किंवा भलतेच विभाजन त्या जागी येईल. एखाद्या स्क्रिप्टमध्ये थेट डेव्ह/एसडीबी लिहून डीडी (डिस्कवर थेट लिहिणारी आज्ञा) चालवलेले असेल तर परिणाम सांगायला नको. म्हणून बीएलकेआयडी आज्ञेने प्रत्येक विभाजनाचा यूयूआयडी (त्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक) काढून एफस्टॅबमध्ये तोच लिहावा. स्क्रिप्टमध्ये डेव्ह/डिस्क/बाय-आयडी खालचे पूर्ण नाव वापरावे. क्रॉनटॅब आणि घरगुती बॅकअप स्क्रिप्ट उघडून त्यांत ‘एसडी’ हा शब्द कोठे येतो ते शोधायला विसरू नये. बॅकअपच्या विभाजनाला एफस्टॅबमध्ये नोफेल हा पर्यायही द्यावा. तो नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर सिस्टिमडी नेहमीच्या सेटिंगप्रमाणे दीड मिनिट वाट पाहून यंत्राला आपत्कालीन शेलमध्ये नेते. वाचवलेला एक सेकंद असा नव्वदपटीने परत जातो.

वजनकाटा आणि सिरियल उपकरणे. सूत किंवा टॉवेलचे गठ्ठे तोलणारा काटा बहुधा यूएसबी-सिरियल कनव्हर्टरमधून जोडलेला असतो आणि बिलिंगच्या प्रोग्राममध्ये टीटीवाययूएसबी० असे लिहिलेले असते. तेथे डेव्ह/सिरियल/बाय-आयडी खालचा पत्ता द्यावा. मात्र सीएच३४० चिपच्या स्वस्त कनव्हर्टरमध्ये बहुधा स्वतंत्र अनुक्रमांक नसतो, त्यामुळे तसे दोन कनव्हर्टर लावले की बाय-आयडी खाली दोघांचा पत्ता एकच होतो. अशा वेळी बाय-पाथ खालचा पत्ता घ्यावा आणि कोणता काटा कोणत्या पोर्टमध्ये, याची चिठ्ठी कॅबिनेटच्या मागे चिकटवावी. उद्या सफाई करताना वायर बदलली तर हा पत्ता बदलतो.

लेबल प्रिंटर. कप्समधून (लिनक्सच्या छपाई सेवेतून) छपाई होत असेल तर काही करावे लागत नाही. प्रोग्राम थेट डेव्ह/यूएसबी/एलपी० वर लिहीत असेल तर यूडेव्हचा नियम लिहून त्याला कायमचे नाव द्यावे.

नेटवर्क आणि ध्वनी. ईएनपी३एस० अशा धाटणीची नावे स्लॉटवरून ठरतात, त्यांना धोका नाही. जुन्या सवयीने नेट.आयएफनेम्स=० लावून ईटीएच० ठेवले असेल आणि कार्डे दोन असतील, तर तो पर्याय आधी काढावा. ध्वनीची कार्डे बिलिंगच्या यंत्रावर सोडून द्यावीत.

तपासणी: एवढे बदल करून, काहीही असिंक न करता, यंत्र एकदा बंद-चालू करावे. बॅकअप, काटा, छपाई आणि नेटवर्क चारही चालले तरच पुढे जावे.

## टप्पा ६: एका ड्रायव्हरची, एका बूटपुरती चाचणी

१. यादीतला सर्वांत हळू ड्रायव्हर घ्यावा. एकच.

२. बांधीव ड्रायव्हरसाठी ग्रबमध्ये ई दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी ड्रायव्हर_असिंक_प्रोब= लिहावे आणि त्याला जोडून, मध्ये जागा न सोडता, ड्रायव्हरचे नाव लिहावे. याच चाचणीत इनिटकॉल_डीबग आणि लॉग_बफ_लेन हे पर्यायही ठेवावेत. मॉड्यूलसाठी मॉड्यूलचे नाव, टिंब आणि असिंक_प्रोब=१ असे लिहिता येते.

३. यंत्र सुरू झाल्यावर सीएटी प्रॉक/सीएमडीलाइन या आज्ञेने पर्याय कर्नलपर्यंत पोहोचला का ते पाहावे.

४. बदल खरोखर लागू झाल्याची खूण अशी असते: बांधीव ड्रायव्हरच्या इनिटकॉलचा वेळ एकदम खाली येतो, पण त्याच्या उपकरणाच्या प्रोबचा वेळ साधारण पूर्वीइतकाच राहतो. दोन्ही आकडे पूर्वीसारखेच असतील तर नाव चुकले आहे, किंवा त्या ड्रायव्हरच्या लेखकाने प्रोब_फोर्स_सिंक्रोनस असे स्पष्ट लिहून असिंकला मनाई केली आहे. ही मनाई बाहेरून दिलेल्या पर्यायाने मोडता येत नाही आणि मोडण्याचा प्रयत्नही करू नये.

५. लॉगमध्ये रिक्वेस्ट_मॉड्यूल चा उल्लेख असलेली नवी वॉर्निंग आली, तर तो ड्रायव्हर प्रोबच्या मध्येच दुसरे मॉड्यूल मागवत आहे. असिंक धाग्यावर असे केल्याने यंत्र कायमचे अडून बसू शकते. हा ड्रायव्हर यादीतून काढावा.

एक ड्रायव्हर यशस्वी झाला तरच दुसरा जोडावा. नावे स्वल्पविरामाने जोडायची असतात आणि स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नसते. जागा सोडल्यास पुढचे नाव कर्नलला वेगळा पर्याय वाटतो. पूर्ण यादीला २५६ वर्णांची मर्यादा आहे. ती अपुरी वाटू लागली तर आपण चुकीच्या वाटेने चाललो आहोत, असे समजावे.

इशारा: अलीकडच्या कर्नलमध्ये तारांकन दिल्यास सर्व ड्रायव्हर असिंक होतात आणि त्यापुढे लिहिलेली नावे उलट अपवाद ठरतात. म्हणजे तारांकनानंतर एखादे नाव जोडले की तो ड्रायव्हर असिंक होण्याऐवजी वगळला जातो. कामाच्या यंत्रावर तारांकन वापरू नये.

साटाच्या डिस्कांसाठी बहुधा काही करावे लागत नाही, कारण एएचसीआय ड्रायव्हर पोर्टांची तपासणी स्वतःच असिंक करतो. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला हात न लावणेच इष्ट. तो बिघडला तर समोर पडदाच राहत नाही आणि लॉग वाचण्यासाठी दुसरे यंत्र आणावे लागते.

## टप्पा ७: बदल कायम करणे

बांधीव ड्रायव्हरांसाठी डिफॉल्ट/ग्रब फाइलीत ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट या ओळीच्या अवतरणचिन्हांच्या आत पर्याय लिहून अपडेट-ग्रब चालवावे. इनिटकॉल_डीबग येथे लिहू नये.

मॉड्यूलसाठी मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये डॉट कॉन्फने संपणारी फाइल करून त्यात ऑप्शन्स, मॉड्यूलचे नाव आणि असिंक_प्रोब=१ असे एका ओळीत लिहावे. मॉड्यूल इनिटरॅमएफएस (टप्पा २ मधला इनिटआरडी) मधून लोड होत असेल तर अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवल्याशिवाय हा बदल तेथपर्यंत पोहोचत नाही. फाइल बरोबर, पण परिणाम शून्य, अशी तक्रार आली की पहिला संशय याच राहिलेल्या आज्ञेवर घ्यावा.

## टप्पा ८: पडताळणी आणि माघार

यंत्र पुन्हा थंड स्थितीतून किमान तीनदा सुरू करून टप्पा २ प्रमाणे मोजावे. नंतर टप्पा १ मध्ये साठवलेली चार आउटपुटे पुन्हा काढून डिफ या आज्ञेने ताडून पाहावीत. एखाद्या उपकरणाखालची ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच गायब असेल, तर सिस/कर्नल/डीबग फोल्डरमधील डिव्हाइसेस_डेफर्ड ही फाइल रूट अधिकाराने वाचावी. दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत अडलेली उपकरणे त्यात दिसतात.

मधल्या आकड्यात पाव सेकंदाचाही फरक पडला नसेल, तर पर्याय काढून टाकावा. उपयोग नसलेला पर्याय पुढच्या माणसाला विनाकारण बुचकळ्यात टाकतो. फरक पडला असेल तर डिफॉल्ट/ग्रब फाइलीतच, # या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळीत तारीख, ड्रायव्हर आणि आधीचा-नंतरचा वेळ लिहून ठेवावा.

यंत्र सुरूच झाले नाही तर घाबरून पुन्हा पुन्हा पॉवरचे बटण दाबू नये. ग्रबमध्ये ई दाबून ड्रायव्हर_असिंक_प्रोब चा भाग खोडावा आणि एफ१० दाबावे. बिघाड मॉडप्रोबच्या फाइलीमुळे असेल तर त्याच ओळीत मॉड्यूलचे नाव, टिंब आणि असिंक_प्रोब=० लिहून पाहावे. तेही जमले नाही तर लाइव्ह यूएसबीवरून यंत्र सुरू करून डिस्कवरील मॉडप्रोब.डी मधली फाइल काढावी आणि क्रूट करून (डिस्कवरील प्रणालीत शिरून) इनिटरॅमएफएस नव्याने बांधावे.

कर्नल अपडेट झाला की टप्पा ४ पुन्हा करावा. आज बांधीव असलेला ड्रायव्हर पुढच्या आवृत्तीत मॉड्यूल होऊ शकतो, आणि ज्याला आपण बाहेरून असिंक केले त्याला त्याच्या लेखकानेच प्रोब_प्रेफर_असिंक्रोनस अशी खूण दिलेली असू शकते. तसे झाले की आपला पर्याय यादीतून काढता येतो. टप्पा ५ मधले बदल मात्र तसेच ठेवावेत.